तिखट कानाचा

लुकेहून आसुन्सिओनला जाणाऱ्या बसमध्ये
हार्प उभ्यानं येते, तिकीट अर्धं.
बाबा तिची मान धरून,
जशी वळणावर मळमळणारी थोरली मुलगी धरावी.
मी मागे. मांडीवर चिपाची पिशवी,
आणि कमरेशी, परकराच्या शिवणीत,
नऊ लाख ग्वारानी.

लाख ऐकून दचकू नका.
आमच्याकडे चार माणसं जेवली तरी लाखात बोलावं लागतं.
नऊ लाख म्हणजे सात महिने
शाळेच्या सदऱ्यांना लावलेली बटणं.

सुनिल्दानं टॉवेल अंथरला, तीन मायक्रोफोन ठेवले.
पहिला चार लाखांचा, बुटका, सोनेरी जाळीचा.
"गळ्याला बरा. फक्त 'स' आला की साप सोडतो."
दुसरा पेन्सिलीएवढा, आठ लाख. "तारांचा."
तिसरा पंचवीस लाखांचा.
तो तिनं नुसता दाखवला,
शेजाऱ्याचा घोडा दाखवावा तसा,
आणि पेटीत ठेवून दिला.

"कंडेन्सर म्हणजे तिखट कानाचा गडी,
अठ्ठेचाळीस व्होल्ट पाजल्याशिवाय उठत नाही.
आणि उठला की
पाठीमागचं जरा कानाआड करील,
समोरचं काहीएक सोडणार नाही."

मी गायले. हेडफोनमध्ये ऐकलं:
पंखा, बाहेरचा आंबेवाला,
सुनिल्दाच्या पोटातली गुरगुर,
आणि या सगळ्याच्या मधोमध मी,
वाटलं होतं त्याहून म्हातारी.

"आता तुम्ही, एउलोहिओ."

इथे मला सांगावं लागेल
की बाबांच्या उजव्या तर्जनीला नख नाही.
वीटभट्टीवर गेलं, पुन्हा आलंच नाही.
त्या जागी माझ्या डब्यातलं एक पांढरं बटण
घासून, टोक काढून, गोंदानं बसवलेलं.
लग्नाकार्यात कुणाला कळत नाही,
तिथे बिअर असते, नाच असतो.

सोनेरी मायक्रोफोननं ते झाकलं.
कसं झाकलं ठाऊक नाही, पण झाकलं,
छत्तीसच्या छत्तीस तारा तुपातून आल्यासारख्या.
मी हळूच सुनिल्दाकडे पाहिलं: हाच.
पाच लाख उरतात. छताचा पत्रा होईल.

मग पेन्सिल.
टक्.
दर चौथ्या सुराला, टक्,
जसा कुणी दारावर बोटानं वाजवून
आत यायचं की नाही ठरवत असावा.

बाबांनी हेडफोन घातला. पंखा बंद करायला लावला.
दोन्ही पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकले.
आंबेवाला पुढच्या गल्लीत गेला तरी ऐकत होते.
मग पेन्सिलीवर बोट ठेवलं. बटणाचंच.

"बटण ऐकू येतं, बाबा."
"मग? वाजवतंय तेच तर."

"आणि माझा गळा? यात कागदासारखा लागतो."
त्यावर ते काही बोलले नाहीत.
सुनिल्दा बोलली: "पाऊलभर मागे सरक,
तोंडासमोर नको धरूस, कपाळाच्या उंचीवर, तिरका.
आणि ओरडायचं नाही. त्याला ओरडणं कळतं,
पण तो ते लक्षात ठेवतो."
उरलेल्या लाखात वायर, स्टँड,
आणि तिच्या भाच्याचा जुना डबा, महिनाभर उसना.

घरी रात्री अकरा वाजेपर्यंत थांबलो.
कुत्री झोपली. किडे मात्र झोपेनात,
मग किड्यांसकट चालू केलं.
फ्रिजची गुरगुर नको म्हणून मी त्याचा प्लग काढला.
मी पाऊलभर मागे, भिंतीला पाठ टेकून,
बाबा आणि हार्प पुढे.
पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा नीट झालं.
तिसऱ्यांदा मुद्दाम चांगलं केलं, ते वाईट झालं.

प्लग परत लावायचा राहून गेला.
सकाळी दूध फाटलेलं.
बाबांनी ते पातेलं नाकाशी नेलं, खाली ठेवलं,
थंड पाण्यात येर्बा टाकून तेरेरे ओढत म्हणाले,
"दुसरं ठेव."
मला वाटलं, पातेलं.